मॅटशेजारी बसताना: ज्युदोच्या लढतीत दुखापत झाली तर

फिजिओ म्हणून माझ्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत मी एका पोरीची लढत घालवली. ती वाझा-आरी या गुणाने पुढे होती, मिनिटभर उरलं होतं. पकडीच्या झटापटीत तिची करंगळी सांध्यातून निसटली आणि मी कोचच्या मागून ओरडले, "डॉक्टर माग!" तिने मागितला. लढत संपली, समोरची जिंकली. खेळाडूने स्वतःहून डॉक्टर मागितला की प्रतिस्पर्ध्याला विजय मिळतो, एवढंही मला ठाऊक नव्हतं. फिजिओची पदवी होती, नियमपुस्तक मात्र उघडलेलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम तेच. निसटलेलं बोट खेळाडूने तिथल्या तिथे स्वतः बसवायचं असतं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हे आधी डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. बोट विचित्र वळलं असेल, हाड मोडल्याची शंका असेल, तर ओढाताण नकोच. रक्त आलं तर डॉक्टर ते दोनदा थांबवू शकतात, तिसऱ्यांदा त्याच जखमेतून आलं की लढत गेली. म्हणून नाकात बोळा घालायचा तो घट्ट, पहिल्याच वेळी. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा स्पर्धेआधीच्या बैठकीत विचारून घ्या. कुणी हसलं तर हसू दे.

आता बोटांची पट्टी. नवी पोरं अख्खं बोट गुंडाळतात, मग ते वाकत नाही आणि समोरच्याची कॉलर हातात राहत नाही. मी अर्धा इंच रुंदीची, न ताणणारी पट्टी घेते. आधी घाम पुसायचा, बोट किंचित वाकवून धरायला सांगायचं. सांध्याच्या खाली एक वेढा, वर एक वेढा, आणि दोन्ही जोडणारी फुली सांध्याच्या तळहाताकडच्या बाजूने. सांध्याची वरची बाजू उघडी ठेवायची. मग नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं दोनेक सेकंदांत गुलाबी झालं नाही तर पट्टी आवळली आहे, काढा आणि पुन्हा लावा. शेवटी माझीच कॉलर तिच्या हातात देते, "ओढ." ओढताना तोंड वाकडं झालं की मला कळतं. "ताई, काही नाही" या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही.

गुडघा आणि खांदा हे मोठे प्रश्न. फेकलं जाताना पाठीवर पडायचं टाळण्यासाठी हात टेकला की खांदा, कोपर नाहीतर मनगट जातं. पाय मॅटवर रुतून वरचं शरीर फिरलं की गुडघा. आत 'कट्' असा आवाज आला आणि तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर लिगामेंट तुटल्याचं धरून चाला. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, आधार, आणि अस्थिरोगतज्ज्ञ. निखळलेला खांदा बसवायला पुढे सरसावणाऱ्या काकांना हात जोडून दूर ठेवा. असे काका प्रत्येक हॉलमध्ये असतात.

यामाशिता आणि कोगा या जपानी ज्युदोपटूंच्या गोष्टी लढतीआधी सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये यामाशिताने फाटलेल्या पोटरीने सुवर्ण जिंकलं, १९९२ च्या बार्सिलोनात कोगाने जायबंदी गुडघ्यावर. दोन्ही खरं. पण अशा हट्टापायी ज्यांचं करिअर संपलं त्यांची नावं कुणी सांगत नाही. सांगायचीच असेल तर आपल्या मणिपूरच्या ज्युदोपटू सुशीलादेवीची सांगा. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीमुळे तिचे २०१८ चे आशियाई खेळ हुकले, आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत तिने रौप्य घेतलं.

गळा आवळण्याच्या डावात शुद्ध गेलेला खेळाडू पकड सुटल्यावर सहसा काही सेकंदांत डोळे उघडतो. न उघडल्यास श्वास तपासा, डॉक्टरांना हाक मारा. मानेवर पडून हातापायाला मुंग्या येत असतील तर हलवू नका, उठवू तर मुळीच नका.

डोकं आपटलं असेल तर मी विचारते: कितवी लढत? मागची कुणाशी झाली? उत्तर अडखळलं, नजर हरवली, मळमळ झाली, तर तो दिवस संपला. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर थेट रुग्णालय. रात्री तिच्या खोलीत कुणीतरी जागं हवं.

कोच येतातच, "ताई, कांस्याची एकच लढत राहिली आहे." मी वाद घालत नाही. पोरीचा पट्टा सोडते, घडी घालून माझ्या पिशवीत टाकते आणि चेन ओढते.