परदेशी स्थायिक झालेले ब्रिटिश निवृत्त आणि सरकारी आरोग्यविमा : या चुका टाळा

‘चाळीस वर्षे नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) भरला, मग उपचारांचा हक्क कोण नाकारणार?’ निवृत्तीनंतर स्पेन, फ्रान्स किंवा पोर्तुगालला जाऊन राहणाऱ्या ब्रिटिश मंडळींच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका समजुतीत असते. एनएचएसचे म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे मोफत उपचार पासपोर्ट पाहून किंवा भरलेल्या कराचा हिशेब करून मिळत नाहीत. त्या व्यक्तीचे नेहमीचे आणि कायदेशीर वास्तव्य ब्रिटनमध्ये आहे की नाही, एवढेच तिथे पाहिले जाते. कायमचे देशाबाहेर गेल्यावर तो आधार सुटतो आणि त्याच्या जागी काय मिळेल, हे दोन गोष्टींवर ठरते : आपण कोणत्या देशात राहतो आणि कोणत्या देशाची सरकारी पेन्शन घेतो.

युरोपीय संघातील देशात राहणाऱ्या आणि ब्रिटनची सरकारी पेन्शन घेणाऱ्या व्यक्तीसाठी एस-१ हा फॉर्म असतो. त्याच्या आधारे उपचार स्थानिक यंत्रणा करते आणि खर्च ब्रिटन उचलते. ब्रेक्झिटनंतर म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ही सोय संपली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ३१ डिसेंबर २०२० पूर्वी स्थायिक झालेल्यांना ती माघार-कराराने आणि त्यानंतर गेलेल्यांना नव्या व्यापार व सहकार्य कराराने दिली आहे.

एस-१ मिळाला म्हणजे काम झाले, असे समजणे

हा फॉर्म पेन्शन सुरू झाल्यावर आपोआप घरी येत नाही. एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटीच्या परदेशी उपचार विभागाकडे तो मागावा लागतो. कंपनीच्या किंवा खासगी पेन्शनवर तो मिळत नाही. जोडीदाराला स्वतःची पेन्शन नसेल, तर अवलंबित म्हणून त्याच्यासाठी वेगळा फॉर्म मागावा लागतो, आणि नेमके हेच राहून जाते.

त्याहून मोठी चूक म्हणजे फॉर्म हाती आल्यावर तो कपाटात ठेवून देणे. राहत्या देशात नोंद होईपर्यंत त्या कागदाचा काहीही उपयोग नाही. स्पेनमध्ये तो आधी सामाजिक सुरक्षा संस्थेच्या म्हणजे आयएनएसएसच्या कार्यालयात नोंदवायचा, मग तिथले हक्कपत्र आणि नगरपालिकेचा रहिवासी दाखला घेऊन आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जायचे, तेव्हा कुठे आरोग्यकार्ड मिळते. फ्रान्समध्ये अर्ज सीपीएएम या स्थानिक आरोग्यविमा कार्यालयाकडे जातो आणि बराच काळ तिथेच अडकू शकतो. याची दोन कारणे ठरलेली आहेत. ब्रिटनमधल्या जन्मदाखल्याच्या छोट्या प्रतीवर आईवडिलांची नावे नसतात आणि फ्रेंच कार्यालयाला ती हवी असतात, म्हणून दाखल्याची पूर्ण प्रत ब्रिटन सोडण्यापूर्वीच मागवून ठेवावी. दुसरे म्हणजे, फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीची नोंद माहेरच्या नावाने होते, तर ब्रिटिश कागदपत्रे बहुधा सासरच्या नावाची असतात. विवाहाचा दाखला सोबत जोडला नाही, तर कार्यालयाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका ठरतात.

एस-१ने स्थानिक नागरिकाला मिळते तेवढेच मिळते, एनएचएससारखे सगळे फुकट नव्हे. फ्रान्समध्ये साध्या डॉक्टरची फी ३० युरो असते. आपला नेहमीचा डॉक्टर विमा कार्यालयाकडे रीतसर नोंदवला असेल, तर तिच्या ७० टक्के म्हणजे २१ युरो मान्य होतात, त्यातून २ युरो ठरावीक कपात होऊन १९ युरो खात्यात परत येतात. डॉक्टरची नोंदच केली नसेल, तर मान्य रक्कम ३० टक्क्यांवर येते आणि हातात ७ युरो पडतात. एका साध्या फॉर्मपायी दर भेटीला १२ युरो सोडणारे लोक आहेत! उरलेल्या हिश्शासाठी फ्रेंच लोक स्वतःही पूरक विमा घेतात. तो न घेता राहिल्यास रुग्णालयातील मोठ्या मुक्कामात खिशाला चांगलीच कात्री लागते.

पेन्शनच्या वयाआधी निघणे

साठीच्या आत निवृत्ती घेऊन निघणाऱ्यांना पूर्वी काही काळापुरता एस-१ मिळत असे. ती सवलत २०१४ मध्ये बंद झाली, तरी तिची आशा अजून सुटलेली नाही. सरकारी पेन्शनचे वय ६६ होते. एप्रिल २०२६ पासून ते टप्प्याटप्प्याने वाढून २०२८ पर्यंत ६७ होणार आहे. शिवाय नव्या नियमांनुसार पेन्शन मिळण्यासाठी साधारणपणे किमान १० वर्षांचा नॅशनल इन्शुरन्स लागतो. मधली वर्षे कशी निभावणार, याचे उत्तर सामान बांधण्यापूर्वीच तयार हवे. स्पेनमध्ये एक वर्षाच्या नोंदणीकृत वास्तव्यानंतर पैसे भरून सरकारी व्यवस्थेत शिरता येते. त्याचा मूळ दर ६५ वर्षांखालील व्यक्तीला महिना ६० युरो आणि त्यापुढे १५७ युरो आहे, मात्र औषधांवर सवलत नसते. फ्रान्समध्ये तीन महिन्यांच्या स्थिर वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. तोवर खासगी विम्याला पर्याय नाही.

प्रवासाचे कार्ड घरच्या उपचारांना वापरणे

जीएचआयसी म्हणजे ब्रिटनचे ‘जागतिक आरोग्यविमा कार्ड’ तात्पुरत्या प्रवासासाठी आहे. स्पेनमध्ये राहणाऱ्याने ते इटलीच्या सहलीत दाखवावे, स्वतःच्या गावातल्या दवाखान्यात नव्हे. एस-१धारकाने मात्र हेही लक्षात ठेवावे की हे कार्ड त्याला राहत्या देशाकडून नव्हे, ब्रिटनकडूनच मिळते आणि ३१ डिसेंबर २०२० पूर्वी स्थायिक झालेला असल्यास इंग्लंडच्या भेटीत एनएचएसचे उपचारही त्याला मोफत मिळतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे असल्यामुळे तिकडे जाताना आधी चौकशी करावी.

दुसऱ्या देशाची छोटी पेन्शन विसरणे

पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये, स्विंडनसारख्या शहरांत, नोकरी केलेल्या गोवेकरांनी हा मुद्दा नीट पाहावा. ज्या देशात राहता त्याच देशाची पेन्शन मिळत असेल, तर आरोग्याची जबाबदारी त्या देशाची. म्हणजे आधी काही वर्षे लिस्बनला काम करून तिथली लहानशी पेन्शन घेणारा गोवेकर पोर्तुगालला जाऊन राहिला, तर ब्रिटनची पेन्शन कितीही मोठी असली तरी एस-१ चालत नाही. त्याने थेट पोर्तुगीज व्यवस्थेत नाव नोंदवावे. अर्जात ही पेन्शन लपवण्यात किंवा ‘क्षुल्लक’ म्हणून गाळण्यात फायदा काहीच नाही.

पुण्या-गोव्याला परतणाऱ्यांचा गैरसमज

भारत आणि ब्रिटन यांच्यात आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही. एस-१ नाही, जीएचआयसी नाही, आणि भारतात राहणाऱ्याची ब्रिटिश पेन्शन दरवर्षी वाढतही नाही; ती जिथे गोठली तिथेच राहते, विम्याचा हप्ता मात्र वयाबरोबर चढत जातो. ‘मोठे ऑपरेशन असले तर लंडनला जाऊन करू’ हा बेत तर अंगाशीच येतो. इंग्लंडमधील आपत्कालीन विभागातली तपासणी मोफत असली, तरी दाखल झाल्यापासून अनिवासी व्यक्तीला एनएचएस दराच्या दीडपट बिल लागू शकते. पासपोर्ट ब्रिटिश असला, म्हणून त्यात सूट मिळत नाही.

तेव्हा भारतातला विमा लवकर घ्यावा. २०२४ पासून विमा नियामकाने वयाची ६५ ची आडकाठी काढली आहे, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा कमाल ३६ महिन्यांवर आणली आहे. तीन वर्षे हा सत्तरीत थोडा काळ नव्हे, म्हणून परतण्याचे नक्की झाल्याबरोबर पॉलिसी सुरू करणे शहाणपणाचे. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला, हा तेवढाच दिलासा.

पेन्शन खंडित होऊ देणे

परदेशी राहणाऱ्यांना ब्रिटनचा पेन्शन विभाग अधूनमधून हयातीच्या दाखल्याचा फॉर्म पाठवतो. तो साक्षीदाराच्या सहीसह १६ आठवड्यांत परत गेला नाही, तर पेन्शन थांबू शकते, आणि एस-१ तर त्या पेन्शनवरच उभा असतो. पत्ता बदलला की पेन्शन विभाग आणि एस-१ देणारा विभाग या दोघांनाही स्वतंत्रपणे कळवावे, कारण एकाकडची माहिती दुसऱ्याकडे पोहोचेलच असे नाही.

कायमचे ब्रिटनला परतणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला सहा महिने थांबावे लागते, ही अफवा आहे. खरोखर स्थायिक होण्यासाठी आला असेल, तर पहिल्या दिवसापासून हक्क मिळतो; फक्त ते दाखवता यावे लागते. परदेशातले घर विकल्याचे किंवा सोडल्याचे कागद, सामान हलवल्याची पावती आणि ब्रिटनमधल्या घराचा भाडेकरार एकत्र ठेवावा, आणि जुन्या देशातली एस-१ नोंद रद्द करून मगच विमानात बसावे.