पेशींच्या फोटोंवरून जनुकीय व्हेरियंट ओळखताय? या चुका टाळा

फोटोंवरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलने पहिल्याच दिवशी व्हेरियंटच्या (जनुकाच्या बदललेल्या रूपाच्या) पेशी आणि मूळ जनुकाच्या पेशी जवळपास अचूक वेगळ्या केल्या, तर लगेच पेढे वाटू नका. आधी पेशी वाढवलेल्या प्लेटचा नकाशा उघडा. आमच्याकडे एकदा मूळ जनुकाचे सगळे वेल (प्लेटमधले छोटे खळगे) पहिल्याच स्तंभात होते. 384 वेलच्या प्लेटमध्ये कडेचं पाणी लवकर उडतं आणि तिथल्या पेशींची ठेवण बदलते. मॉडेल शिकलं होतं ते प्लेटची कड ओळखायला! आता कंट्रोल (तुलनेसाठीचे मूळ जनुकाचे वेल) प्लेटभर विखुरतो, दर प्लेटला त्यांची जागा बदलतो आणि कडेच्या वेलमध्ये पेशी न घालता नुसतं पोषक माध्यम भरतो.

दुसरी चूक पेपरफुटीची. एकाच वेलमधल्या काही पेशी ट्रेनिंगला आणि काही टेस्टला गेल्या, की त्या वेलचा फोकस, रंग, दाटी सगळं मॉडेलला आधीच ठाऊक असतं. म्हणून निदान अख्खी प्लेट वेगळी काढा. वेगळ्या दिवशी केलेली बॅच राखून ठेवता आली तर उत्तमच. शंका असेल तर मूळ जनुकाचेच दोन वेल घ्या आणि एकाला खोटं नाव द्या. मॉडेलला तेही वेगळे दिसले, तर तेवढा फरक गोंगाटाचा, म्हणजे जनुकाशी संबंध नसलेला. खऱ्या व्हेरियंटचा फरक त्याहून ठळक हवा.

प्रत्येक फोटोचा उजळपणा स्वतंत्रपणे 'ऑटो' करू नका. सेल पेंटिंग या पेशींचे भाग रंगवून फोटो काढायच्या पद्धतीत सहा रंगद्रव्यं आणि पाच चॅनेल (वेगवेगळ्या रंगांचे फोटो) असतात, आणि कुठलं चॅनेल किती उजळ हीच कित्येकदा खरी माहिती असते.

प्रथिन किती बनलं हेही बघा. बाहेरून घातलेलं जनुक एका पेशीत भरमसाट चालतं, शेजारणीत जेमतेम. सारख्या पातळीच्या पेशींची तुलना करा. मात्र प्रथिन कमी असलेल्या अंधूक पेशी सरसकट फेकू नका. व्हेरियंटमुळे प्रथिन टिकतच नसेल, तर तो अंधूकपणाच तुमचा निकाल.

आता माझ्या मते सगळ्यात कमी बोलली जाणारी अडचण. एलएमएनए हे जनुक केंद्रकाच्या आवरणाला आधार देणारी लॅमिन प्रथिनं बनवतं. ते बिघडलं की केंद्रक वेडंवाकडं दिसतं, त्यामुळे फोटोंसाठी हे लाडकं जनुक. प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या आजाराचं मूळ याच जनुकात 2003 मध्ये सापडलं. त्यातल्या नेहमीच्या बदलात 1824 क्रमांकाच्या जागी सी या डीएनए अक्षराचा टी होतो. अमिनो आम्ल बदलत नाही, 608 वं ग्लायसिन ग्लायसिनच राहतं. बिघडतं ते स्प्लायसिंग (जनुकाच्या आरएनए प्रतीतले नको ते तुकडे कापून उरलेले जोडणं), आणि प्रथिनातून 50 अमिनो आम्लं गळतात. आपण मात्र पेशीत घालतो सीडीएनए, म्हणजे आधीच कापून-जोडून झालेली जनुकाची प्रत. त्यात इंट्रॉन (ते कापायचे तुकडे) नाहीत, म्हणजे हे चुकीचं स्प्लायसिंगही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? केंद्रक गोलगरगरीत दिसतं आणि मॉडेल बिनधास्त 'निरुपद्रवी' म्हणतं.

असे व्हेरियंट आधीच बाजूला काढा. पेशीच्या स्वतःच्या जीनोममध्ये क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने बदल करून तपासा. ते जमत नसेल, तर 'या चाचणीच्या कक्षेबाहेर' असं अहवालात लिहा. तिथे 'निरुपद्रवी' लिहू नका.