ठासणीची बंदूक सीमेपार आणायची असेल तर

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक. ती जुन्या घाटाची आहे, म्हणजे कायदाही तिला जुनीच मानेल असं धरून पैसे भरू नका. आधी दोन गोष्टी पक्क्या करा: ती कोणत्या साली बनली, आणि दारू कशाने पेटते, तोड्याने (जळत्या वातीने), गारगोटीच्या ठिणगीने की टोपीने (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने)?

मामला किती बारीक असतो पाहा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुरातन, तर शेजारच्या कॅनडात १८९८ च्या आधीचीच. म्हणजे नेमकी १८९८ सालची बंदूक सीमा ओलांडताच पुरातन राहत नाही! नव्या प्रतिकृतींची गत याहून निराळी. कॅनडात तोड्याची किंवा गारगोटीची लांब बंदूक नवी घडवलेली असली तरी पुरातनात मोडते. टोपीची मोडत नाही, तिला परवाना लागतो. पिस्तुलाच्या प्रतिकृतीला ही सवलत नाहीच.

म्हणून जिथे न्यायची त्या देशाच्या शस्त्र परवाना खात्याला सौदा करण्याआधी लिहा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवर कोणी ‘काही लागत नाही’ म्हटलं, तर ते सीमेवर कामाला येत नाही. जिथून ती निघणार त्या देशाचे निर्यातीचे नियम वेगळे असतात, तेही बघा. दस्त्यावर हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचं जडावकाम असेल, तर वन्यजीव व्यापाराच्या ‘साइटिस’ कराराची कागदपत्रं लागू शकतात. हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

बिलावर साल, देश, नळीचं माप आणि पेटवण्याची पद्धत स्पष्ट लिहून घ्या. चाप आणि नळीवरच्या ठशांचे फोटो जोडा. सीमाशुल्काच्या यादीत ठासणीच्या बंदुका ९३०३.१० मध्ये येतात, शंभर वर्षांहून जुन्या पुरातन वस्तू ९७०६ मध्ये. शुल्क वाचवायला ‘शोभेची वस्तू’ लिहिणं म्हणजे जप्तीला आमंत्रण.

बांधाबांध करण्याआधी नळी तपासा. जुन्या बंदुका कधीकधी भरलेल्याच सापडतात. तोंड माणसांपासून दूर धरा, लाकडी गज हलकेच आत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा, मग गज बाहेर काढून खूण तोंडाशी जुळवत नळीवर बाहेरून धरा. गजाचं टोक कानाच्या भोकापर्यंत (जिथून आतल्या दारूला आग पोचते तिथपर्यंत) पोचलं नाही, तर आत काहीतरी आहे. जाणकाराकडून ती रिकामी करून घ्या.

दारू आणि टोप्या सोबत नेऊच नका. काळी दारू स्फोटक म्हणून गणली जाते. विमानाच्या सामानात तिला थारा नाही. ती तिथेच, तिथल्या परवान्याने घ्यावी.

स्पर्धेपुरती नेत असाल, तर जातानाच कागदावर शिक्का मारून घ्या, नाहीतर स्वतःचीच बंदूक परतताना नव्याने आयात ठरते.