टेस्टिंग शोमध्ये नव्या आयरिश व्हिस्की कशा चाखाव्यात

टेस्टिंग शोला गेलं की जितके स्टॉल तितके घोट घ्यायचा मोह होतो. स्टॉलवर साधारण १० ते १५ मिली ओततात. १० मिलीचे बारा नमुने म्हणजे १२० मिली, सरळ दोन लार्ज पेग. आणि तेही आपल्या नेहमीच्या ४२.८ टक्क्यांचे नाहीत, ४६ किंवा ५८ टक्क्यांचे. सहाव्या नमुन्यापर्यंत नाक थकतं आणि पुढची प्रत्येक व्हिस्की नुसती ‘गोड, छान’ वाटायला लागते. म्हणून यादी आधी बघून सहा निवडा आणि प्रत्येकीला दहा मिनिटं द्या. नव्या आयरिश व्हिस्कीला तर हा वेळ द्यायलाच हवा, कारण पहिल्या घोटाला लागते तशी ती दहा मिनिटांनी लागेलच असं नाही.

कारण साधं आहे. १९८०च्या सुमारास अख्ख्या आयर्लंड बेटावर मिडल्टन आणि बुशमिल्स या दोनच डिस्टिलरी चालू होत्या. आज चाळीसहून जास्त आहेत. डिंगल २०१२ची, डब्लिनमधली टीलिंग २०१५ची. व्हिस्की म्हणवायला कायद्याने स्पिरिट, म्हणजे डिस्टिल केलेली ताजी दारू, किमान ३ वर्षं लाकडी पिंपात राहिलं पाहिजे. तेव्हा नव्या डिस्टिलरीकडे व्हिस्कीसाठी मुख्यतः दोन वाटा उरतात: स्वतःचं जेमतेम तीन वर्षांचं कोवळं स्पिरिट बाटलीत भरायचं, किंवा दुसऱ्या डिस्टिलरीचा जुना माल विकत घेऊन आपल्या लेबलखाली आणायचा. दोन्ही कायदेशीर आहेत आणि दोन्हींत उत्तम बाटल्या मिळतात. पण कोवळं स्पिरिट पोर्ट, रम किंवा वाइनच्या पिंपात काही महिने ‘फिनिश’ केलं, म्हणजे शेवटी मुरवलं, की वर गोडवा चढतो. तो खालच्या स्पिरिटचा की पिंपाचा, हे ओळखणं हेच चाखणाऱ्याचं खरं काम.

त्या दिवशी सकाळपासून खर्रा नको. तंबाखू-चुन्याने बधिर झालेल्या जिभेला व्हिस्कीतलं काहीच कळत नाही. दुपारी सावजी नको. मिरची आणि अल्कोहोल जिभेवरच्या जळजळीच्या एकाच संवेदकाला चेतवतात, त्यामुळे ४० टक्क्यांची व्हिस्कीही ६०ची वाटते. तर्री न घेता साधे पोहे, पोळी-वरण किंवा दहीभात दीड तास आधी खा. रिकाम्या पोटी जाऊ नका. संत्रं हाताने सोलून जाऊ नका, सालीतलं तेल बोटांवर राहतं आणि प्रत्येक ग्लासात संत्रंच येतं. अत्तर आणि सॅनिटायझरचंही तेच. सोबत वही, पेन, साध्या पाण्याची बाटली, एक ड्रॉपर आणि थुंकायला कागदी पेला ठेवा.

आदल्या दिवशी घरातले डबे उघडून डोळे मिटून वास घ्या: लवंग, मिरी, मनुका, अक्रोड, सुकं खोबरं, मध, व्हॅनिला इसेन्स. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातून व्हॅनिला आणि खोबरं येतं, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून मनुका आणि अक्रोड. सिंगल पॉट स्टिल या खास आयरिश प्रकारात माल्ट केलेलं (मोड आणून वाळवलेलं) आणि न केलेलं, असं दोन्ही प्रकारचं जव किमान ३०-३० टक्के असतं. त्यातून लवंग-मिरीचा तिखटपणा आणि जिभेवर तेलकट भरीवपणा येतो. शब्द आधी ओठांवर असला की ग्लासात तो वास पटकन सापडतो.

क्रम असा धरा. पहिला नमुना ओळखीचा घ्या, जेमसन किंवा बुशमिल्स. त्याने त्या दिवशीचं आपलं नाक कसं आहे ते कळतं. मग ग्रेन (मका-गव्हासारख्या धान्याची) आणि ब्लेंड (मिश्रण), त्यानंतर सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या जवाची), मग पॉट स्टिल, मग शेरी-पोर्टचे फिनिश, मग कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न मिसळता भरलेली. पीटेड, म्हणजे पीटच्या धुरावर वाळवलेल्या जवाची, सगळ्यात शेवटी. आयरिश म्हणजे धूर नसलेली, ही समजूत चुकीची आहे: कॉनेमारा आणि टीलिंगची ब्लॅकपिट्स धुराच्याच आहेत, आणि तो धूर एकदा तोंडात बसला की त्यानंतरची नाजूक व्हिस्की वाया जाते.

ग्लास ट्युलिपच्या आकाराचा मागा. वाइनसारखा गरगरा फिरवू नका, अल्कोहोल उसळून नाकाला झोंबतं. ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, मग हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या. हिवाळ्यात लॉनवर कार्यक्रम असेल तर गारठ्याने वास दबतो; ग्लास दोन मिनिटं तळहातात धरा. बर्फ नकोच.

पहिला घोट अगदी छोटा, फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसरा साधारण ५ मिलीचा. तो दहा सेकंद तोंडात फिरवा आणि थुंका. थुंकण्यात संकोच नको, चांगल्या स्टॉलवर त्याचा मानच राखतात. आता पाणी. ५८ टक्क्यांच्या १० मिलीचे ४६ टक्के करायला सुमारे अडीच मिली, म्हणजे अर्धा चमचा पाणी लागतं. घोट घेऊन ५ मिली उरली असेल तर त्याच्या निम्मं. एकदम ओतू नका, दहा-दहा थेंबांनी जा आणि मध्ये वास घेत राहा. पाण्याने व्हिस्की धूसर झाली तर घाबरू नका. चिल-फिल्टर न केल्याची, म्हणजे थंड करून न गाळल्याची, ती खूण आहे, दोष नव्हे.

पाणी घालून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा वास घ्या. इथे निकाल लागतो. फिनिशचा गोडवा ओसरून कच्चं सफरचंद, ओल्या कणकेचा वास किंवा हिरव्या लाकडाचा कडवटपणा वर आला तर स्पिरिट अजून कोवळं आहे आणि पिंपाने ते झाकलं होतं. पहिला झटका गोड, मधे पोकळ आणि शेवट नुसता जळजळीत, हीही त्याचीच लक्षणं. उलट मध, फळ, धान्य टिकून राहिलं, चव गिळल्यावर किंवा थुंकल्यावर अर्धा मिनिट रेंगाळली, तर वय कमी असूनही ती बाटली घेण्याजोगी.

स्टॉलवाल्याला चव विचारत बसू नका, ती तो पाठ म्हणेल. हे विचारा: स्पिरिट कुठे काढलं? फिनिश किती महिन्यांचं? पिंप पूर्वी कशाचं होतं? लेबलवर वय असेल तर ते बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असतं. वय नसेल तर स्पष्ट विचारा. उत्तरं, टक्के आणि पाण्याआधीची-नंतरची चव लगेच लिहा. खरेदी दुसऱ्या दिवशी वही वाचून ठरवा.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही. एक दिवसाचा मिळतो. गाडी घरी ठेवा, मेट्रो किंवा कॅबने जा: रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि थुंकूनही थोडं अल्कोहोल अंगात जातंच. वर्धा किंवा गडचिरोलीहून येणाऱ्यांनी बाटली परत नेऊ नये, दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे.