पोदेराचा भोंगा वाजला तरी दोरी सैल: दांडग्या कुत्र्याला चालायला शिकवताना

आमचा शेरू ३२ किलोचा. गोव्यात, फोंड्यात सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की तो मला फाटकातून ओढतच बाहेर न्यायचा. गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय सरकला आणि गुडघा सोलवटला. त्यानंतर मी मनावर घेतलं.

कुत्रा ओढतो, कारण ओढलं की आपण त्याच्यामागे जातो आणि त्याला हवं ते मिळतं. आपण मागे खेचलं तर तो आणखी जोर लावतो. म्हणून ताकदीची झुंज लावूच नका.

आधी साखळी बाजूला ठेवा. छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, घ्या. ओढताच त्याचं अंग तुमच्याकडे वळतं. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, काखेत घासता कामा नये. दोरी साधी, सुमारे ६ फुटांची. बटण दाबून लांबणारी दोरी सतत ताणलेली राहते, त्यामुळे कुत्र्याला ताणाचीच सवय लागते. गळा आवळणारे, काटेरी पट्टे तर नकोतच. दुसरं कुत्रं दिसलं की गळा दुखतो, असं एकदा मनात बसलं की तो जास्तच भुंकतो. दोरी मनगटाला गुंडाळू नका.

खाऊ म्हणून मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे. कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही.

सुरुवात अंगणात करा. गप्प उभे राहा. त्याने वळून पाहिलं की ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा आपल्या गुडघ्याजवळ द्या. खाऊ जिथे मिळतो तिथे तो राहतो, म्हणून हात पुढे करून देऊ नका. मग एक पाऊल, दोन, पाच. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरे.

पुढे फाटक. उघडताना तो उसळला तर बंद करा, शांत झाला की पुन्हा उघडा. पहिल्या दिवशी आम्हाला बाहेर पडायलाच पंधरा मिनिटं लागली.

रस्त्यावर दोरी ताणली की थांबा. हिसका नाही, ओरडणं नाही. सैल झाली की चाला. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. आजोबांनी ‘जाऊ दे रे आज’ म्हणून एकदा ओढू दिलं, तर उद्या तो दुप्पट चिकाटीने ओढणार.

खरी मेख अंतरात आहे, आणि घाई होते ती इथेच. कान पुढे, तोंड घट्ट मिटलेलं, नाकापाशी धरलेलं चिकनही नको: म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. तो खाऊ घेईल इतके मागे जा. आम्ही पोदेरापासून चाळीस पावलांवर, कोपऱ्यावरच्या आंब्याखाली उभे राहायचो. भोंगा वाजला, तुकडा. पुन्हा भोंगा, पुन्हा तुकडा. पाचव्या दिवशी भोंगा वाजला आणि शेरूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले. त्यानंतर रोज दोन-तीन पावलंच पुढे सरकलो. बिचकला की परत मागे.

वाटेतल्या भटक्या कुत्र्यांसमोर थेट जाऊ नका, वळसा घ्या. त्यासाठी रिकाम्या रस्त्यावर आनंदी आवाजात ‘चल’ म्हणून उलटं फिरायचा सराव आधीच करून ठेवा.

हुंगणं मात्र बंद करू नका. वीस पावलं दोरी सैल राहिली की ‘जा, हुंग’ म्हणून गवताकडे सोडा. त्याला ते चिकनइतकंच प्रिय असतं.

एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताचा पंजा उलटा टेकवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पायांनाही भाजणार. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर निघा.

मासळी बाजाराची वाट सगळ्यात शेवटी घ्या. आम्हाला तिथवर पोचायला तीन महिने लागले, आणि अजूनही टोपल्यांपासून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनेच जातो.