स्लीपिंग बॅग न्यायची की नाही? लांबच्या प्रवासाआधीची तयारी

चार-सहा महिन्यांसाठी घराबाहेर पडणार असाल तर सामानाच्या आधी रात्रींचा हिशेब मांडा. वहीत डावीकडे गावं लिहा आणि समोर झोपायची सोय: हॉटेल, हॉस्टेल, होमस्टे, रात्रीची रेल्वे, नातेवाइकांचं घर, तंबू. निर्णय त्या उजव्या रकान्यात सापडतो. लडाख-स्पीतीचं नाव काढलं की मुंबईकराला आधी थंडी आठवते, पण तिथल्या होमस्टेत बहुधा जाड रजया असतात. उलट भंडारदऱ्याला जानेवारीत उघड्यावर झोपलात तर पहाटे दात वाजतात. तंबूच्या किंवा पांघरूण न मिळणाऱ्या रात्री एकूण प्रवासाच्या पाव हिश्शाहून कमी असतील तर बॅग घरीच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग त्या थोड्या रात्रींचं काय? भाड्याने घ्या. लेह, मनाली, काठमांडूतलं थामेल, या सगळीकडे स्लीपिंग बॅग भाड्याने मिळतात. घेताना दुकानातच पूर्ण उलगडा, चेन खालपासून वरपर्यंत दोनदा ओढून बघा, आत तोंड घालून वास घ्या आणि उजेडासमोर धरा: भरण एका बाजूला गोळा झालं असेल तर दुसरी मागा.

लायनर, म्हणजे आत शिरून झोपायची पातळ कापडी पिशवी, मात्र प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवाच, बॅग नेत असाल किंवा नसाल. रेल्वेच्या स्लीपर क्लासमध्ये एसी डब्यासारखी चादर-उशी मिळत नाही, स्वस्त लॉजच्या गादीवर थेट अंग टाकवत नाही, आणि भाड्याच्या बॅगेत तुमच्या आधी कोण झोपलं होतं ते कुणी सांगत नाही. युरोपातली बरीच हॉस्टेलं तर ढेकणांच्या भीतीने स्वतःची स्लीपिंग बॅग पलंगावर पसरूच देत नाहीत. विकतचा रेशमी लायनर मुठीत मावतो. पण आईची किंवा मावशीची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी असेल तर कोपऱ्यावरच्या टेलरकडून तोच शिवून घ्या. साडीतलं साडेचार मीटर कापड घ्यायचं, आडवी घडी घालून सव्वादोन मीटरची दुहेरी पट्टी करायची, दोन्ही लांब कडा शिवायच्या आणि वरचं तोंड उघडं ठेवायचं. उरलेल्या मीटरभर कापडाचा उशीचा अभ्रा होतो. एका बाजूची शिवण वरून दोन वीत सोडायला सांगा, म्हणजे रात्री उठताना पाय अडकत नाहीत.

हिशेब बॅगेच्या बाजूने लागला, तर आता खरेदी. पाकिटावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. आयएसओ 23537 या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तापमानाचे तीन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, लिमिट म्हणजे अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचण्यापुरतं, त्या तापमानात झोप लागत नाही. आपण उकाड्यात वाढलेली माणसं, आपल्यासाठी कम्फर्टचाच आकडा खरा. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, तेवढं धरून मुक्कामाच्या उंचीवरच्या रात्रीचा अंदाज बांधा आणि कम्फर्ट त्याहून चार-पाच अंश खालचा घ्या.

पिसांची की सिंथेटिक? पिसांची बॅग हलकी आणि छोटी होते, पण भिजली की फुगवटा जातो आणि ऊबही जाते. पावसाळ्यात निघणार असाल किंवा वाटेत कोकण-केरळ असेल तर मी डोळे मिटून सिंथेटिक सांगेन, जागा जास्त अडली तरी. पिसांची घेतलीच तर जुलैत मुंबईच्या कपाटात दाबून ठेवू नका, बुरशी धरेल. सैल सुती पिशवीत ठेवा आणि उघाड मिळाली की पंख्याखाली पसरा.

मॅट विसरू नका. अंगाखाली दबलेलं भरण ऊब देत नाही, जमिनीची थंडी अडवते ती मॅट. चांगली बॅग आणि खाली नुसतं प्लॅस्टिक, यात पैसे वायाच जातात.

वजनाची परीक्षा घरच्या काट्यावर थांबवू नका. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला 7 किलोची मर्यादा असते आणि दीड किलोची स्लीपिंग बॅग त्यातला पाचवा हिस्सा खाते. सगळं भरलेली सॅक पाठीवर घेऊन संध्याकाळी दादरला उतरा, पूल चढा आणि पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून लोकल पकडून परत या. गर्दीत सॅक काढून पोटाशी धरता आली, खांदे भरून आले नाहीत, तर न्या. नाहीतर आधी जीन्सची दुसरी जोडी काढा, मग बॅगेचा विचार करा.

शेवटची तजवीज परतीची. प्रवासाचा थंड भाग आधी आणि गरम भाग नंतर असेल, तर डोंगरातून उतरल्यावर बॅग पोस्टाने पार्सल करून घरी पाठवता येते. त्यासाठी एक मजबूत कापडी पिशवी, जाड सुई-दोरा आणि मार्कर सॅकच्या तळाशी टाका. घरी जो पार्सल घेणार आहे त्याला आत्ताच सांगून ठेवा, की आल्या दिवशीच बॅग पिशवीतून काढायची आणि दाबून न ठेवता हँगरला टांगायची.