जर्मनीत नवीन आलात? एटीएमला कार्ड लावण्याआधी हे वाचा

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्या-नाशिकाकडची नवी मुलंमुली श्टुटगार्टला उतरतात. व्हिसा, विमा, खोली, विद्यापीठाची कागदपत्रं, सगळ्याची तयारी चोख असते. आणि मग पहिल्या चार-सहा आठवड्यांत हीच मुलं एटीएममधून थोडे थोडे पैसे काढत राहतात आणि प्रत्येक वेळी नाहक चार्ज भरतात. नोकरीवर येणारी आयटीतली मंडळीही यात मागे नाहीत. मी इथे बरीच वर्षं आहे, आणि त्याच चुका दर मोसमात नव्याने होताना बघून आता लिहायला बसले आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की युरोप म्हणजे सगळीकडे कार्ड चालणार. भारतात भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड असतो, खिशात एक नोट नसली तरी दिवस निघतो. जर्मनीत तसं नाही. इथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे बुंडेसबांकने, २०२३ साली केलेल्या पाहणीत निम्म्याहून किंचित जास्त, ५१ टक्के, व्यवहार रोखीत झाल्याचं दिसलं. कोपऱ्यावरची बेकरी, डोनरचं दुकान, शनिवारचा बाजार, जुन्या वळणाचा न्हावी, इथे ‘नूर बारत्सालुंग’ अशी पाटी दिसली की फक्त रोख. आपल्यातले पुष्कळ लोक याला मागासलेपण म्हणून हसतात. मला ते पटत नाही. आपण कुठे काय खर्च करतो याची नोंद कुणाकडे राहू नये, असं या लोकांना मनापासून वाटतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. तुम्ही मात्र पाकिटात तीस-चाळीस युरो ठेवूनच घराबाहेर पडा.

आता पैसे जातात कुठे ते बघू. हिशेबाला सोपं जावं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरू. भारतातल्या साध्या डेबिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेने दरावर चढवलेला जादा आकार, साधारण साडेतीन टक्के असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. शिवाय परदेशी एटीएम वापरल्याबद्दल तुमची बँक दर वेळी ठरावीक रक्कम घेते, करासकट दीडशेच्या आसपास धरा. आणि समोरचं मशीन स्वतःचे वेगळे चार-पाच युरो लावत असेल तर ते निराळेच. आता ५० युरो काढले, म्हणजे पाच हजार रुपये. मार्कअप १७५, त्यावर जीएसटी ३२, बँकेचे दीडशे, मशीनचे पाचशे. झाले साडेआठशेच्या वर, म्हणजे सतरा टक्के! तेच २०० युरो एकदम काढले तर चार्ज पंधराशेच्या जवळ जातो, पण टक्केवारी साडेसातच्या आत येते. मार्कअप रकमेनुसार वाढतो. बाकीचे दोन चार्ज मात्र तुम्ही वीस युरो काढा नाहीतर दोनशे, तेवढेच बसतात. म्हणून भारतीय कार्डावर काढायचेच असतील तर कमी वेळा आणि जास्त काढा. ‘लागतील तसे काढू’ ही सवय घरी ठीक होती, इथे ती महागात पडते. मशीनला स्वतःचा चार्ज लावायचा असेल तर ते पैसे देण्याआधी आकडा पडद्यावर दाखवतं. आकडा दिसला की व्यवहार रद्द करा, कार्ड परत घ्या, दुसरं मशीन शोधा. रद्द करायला काही पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका: एटीएमने रुपयांत हिशेब करू का असं विचारलं, तर नाही म्हणा. दर वेळी. कुठेही.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्या. कार्ड घातलं, पिन टाकला, रक्कम निवडली. मग एक पडदा येतो. वर तुमची रक्कम युरोमध्ये, खाली तीच रुपयांत, बाजूला दर, आणि ‘हमखास दर’ किंवा ‘नक्की किती रुपये जातील ते आत्ताच कळेल’ अशा अर्थाचं गोड वाक्य. खाली दोन बटणं. ‘स्वीकारा’ हे मोठं आणि ठळक. ‘नाकारा’ हे कोपऱ्यात, फिकट. जर्मन पडदा असेल तर ‘मिट उमरेश्नुंग’ म्हणजे चलन बदलून आणि ‘ओने उमरेश्नुंग’ म्हणजे न बदलता. तुम्हाला हवं ते ‘ओने’. इंग्रजी पडद्यावर ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ दिसेल, तेच दाबायचं. ते दाबल्यावर पैसे मिळणारच नाहीत, या भीतीने मुलं ‘स्वीकारा’ दाबतात. तसं होत नाही. नाकारलं की फक्त रुपयांचा हिशेब नाकारला जातो. नोटा येतातच, आणि खात्यावर युरोची रक्कम जाऊन तिचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्ड लावतं. तो दर बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. काही मशीनं एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारतात, ‘नक्की ना?’ पुन्हा नाहीच म्हणा.

मशीनवाल्याच्या दरात दहा-बारा टक्के सहज मुरवलेले असतात. नाशिकचा एक मुलगा आमच्याकडे जेवायला आला होता, त्याने खिशातून एटीएमची चिठ्ठी काढून दाखवली. त्याला वाटत होतं की बँकेने काहीतरी गोंधळ घातलाय. युरो शंभरच्या आसपास होता तेव्हाची गोष्ट. चिठ्ठीवर २०० युरो, दर ११२, एकूण २२,४०० रुपये, आणि खाली बारीक अक्षरांत, की ग्राहकाने हा दर स्वतः निवडला आहे. म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही. “काकू, रुपयांत दिसलं म्हणून बरं वाटलं हो,” म्हणाला. त्याला बरं वाटलं हे मला कळतं; नव्या देशात ओळखीचं काही दिसलं की माणूस तिकडेच वळतो, आणि पडद्याची रचना नेमकी त्यावरच बेतलेली असते. वर त्याच्या बँकेने एटीएमचा चार्ज लावला तो लावलाच. रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही वेगळा चार्ज लावणाऱ्या भारतीय बँका आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

हाच प्रश्न दुकानातल्या कार्ड मशीनवरही येतो. काउंटरवरची बाई यंत्र तुमच्याकडे वळवते, त्यावर दोन रकमा असतात, एक युरोत आणि एक रुपयांत. मागे रांग असते, घाई होते. तरी थांबा, वाचा, युरो निवडा. रांगेतल्या लोकांना दहा सेकंद थांबता येतं.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. रोखीचा चार्ज साधारण अडीच टक्के आणि किमान चार-पाचशे रुपये, मार्कअप वेगळा, आणि व्याज त्याच दिवसापासून, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. खरेदीला मिळते ती पन्नास दिवसांची सवलत रोखीला नसते. विमानतळावरच्या लाउंजसाठी घेतलेलं भारी कार्ड इथे एटीएममध्ये घालणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगते.

निघण्यापूर्वी भारतात करायची कामं थोडी आहेत, पण ती तिथेच होतात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून मिळतात. अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशातला वापर आणि एटीएमची मर्यादा स्वतः चालू करा. बँकेतला मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येणार. नुसत्या रूपे कार्डाच्या भरवशावर येऊ नका, सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवंच. मार्कअप न लावणारी डेबिट कार्डं मिळतात, जरूर घ्या, पण एटीएमचा चार्ज वेगळा आहे का ते विचारून घ्या. जाहिरातीत तो नसतो. फॉरेक्स कार्डही, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड, चांगलं, काढताना दोन युरोच्या आसपास लागतात. मात्र त्यात युरो भरतानाच्या दरात फरक मुरलेला असतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आणि रोख युरो सोबत आणाच, चार-पाचशे पुरेत, शहरातल्या परवानाधारक चलन विक्रेत्याकडून. मुंबई विमानतळावरच्या खिडकीवर नको, तिथला दर वाईट असतो. नोटा दहा, वीस आणि पन्नासच्या मागा. दोनशेची नोट बेकरीत कुणी घेत नाही, आणि पाचशेची तर छापणंच २०१९ मध्ये थांबलं.

इथे आल्यावर खरा उपाय एकच, लवकरात लवकर जर्मन खातं. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, झाली की त्याच आठवड्यात खात्याच्या मागे लागा. विद्यार्थ्यांचे ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच अडकवून ठेवलेल्या पैशातले, महिन्याचे ९९२ युरोसुद्धा या साध्या चालू खात्यात आल्याशिवाय हातात पडत नाहीत. बँकेने टोलवाटोलवी केली तर ‘बाझिसकोन्टो’, म्हणजे मूलभूत खातं, मागा. इथे कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला २०१६ पासून तो हक्क आहे, आणि अर्ज पूर्ण असेल तर बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत खातं द्यायला लागतं. हे शांतपणे सांगितलं की समोरच्याचा सूर बदलतो.

खातं उघडताना ‘गिरोकार्ड’, म्हणजे जर्मनीतलं स्थानिक डेबिट कार्ड, मिळतं का ते विचारा. जुने लोक त्याला अजून एत्से-कार्टं म्हणतात. पुष्कळ छोट्या दुकानांत व्हिसा चालत नाही, पण हे चालतं. आणि जर्मनीत सगळी एटीएम सगळ्यांना फुकट नसतात, हेही कळून घ्या. श्पारकासेचे ग्राहक श्पारकासेच्या मशीनवर, फोल्क्सबांकचे त्यांच्या. डॉइचे बांक, कोमेर्त्सबांक, पोस्टबांक आणि हीपोफेराइन्सबांक यांचा मिळून ‘कॅश ग्रूप’ आहे. आपल्या गटाबाहेर गेलात की चार-सहा युरो. काही ऑनलाइन बँका कुठेही फुकट देतात, पण एका वेळी किमान पन्नास युरो काढायची अट घालतात, काही महिन्याला ठरावीक वेळाच. तुमच्या घराजवळ कुणाचं मशीन आहे ते आधी पायी फिरून बघा आणि मग बँक ठरवा. मित्राची बँक त्याच्या गल्लीत सोयीची असेल, तुमच्या गल्लीत नसेल.

रात्रीच्या भरवशावर राहू नका. इथे टोळ्या एटीएम स्फोटकांनी उडवतात. एकट्या २०२२ मध्ये देशभरात ४९६ प्रकार झाले. त्यामुळे बऱ्याच बँकांनी मशीनची खोली रात्री बंद ठेवायला सुरुवात केली. मग माणूस स्टेशनवरच्या, कुठल्याही बँकेचं नाव नसलेल्या मशीनकडे जातो, आणि चार्जही तिथेच सर्वांत जास्त असतो.

त्यापेक्षा सुपरमार्केट बरं. रेवे, एडेका, लिडल, आल्डी, डीएम, यांच्या गल्ल्यावर सामानाचं बिल गिरोकार्डाने देताना वर दोनशे युरोपर्यंत रोख मागता येते. चार्ज नाही. किमान खरेदीची अट दुकानागणिक वेगळी, कुठे पाच, कुठे दहा, कुठे वीस युरो. कार्ड लावायच्या आधी सांगायचं, “इश म्योश्टं नोख फ्युनफत्सिश ऑयरो आबहेबन,” म्हणजे मला आणखी पन्नास युरो काढायचेत. गल्ल्यावरची बाई ड्रॉवर उघडते, नोटा मोजून हातात देते, बिलावर तसं छापून येतं. मी घरखर्चाची रोख अशीच आणते.

आता आपल्या लोकांबद्दल एक स्पष्ट सांगते. ग्रूपवर कुणीतरी म्हणतं, “मी तुला इथे युरो देतो, तुझे बाबा तिकडे माझ्या भावाला रुपये देतील, दोघांचे चार्ज वाचतील.” माणूस चांगला असतो, हेतूही चांगला असतो. पण हे फेमा, म्हणजे भारताच्या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, आणि पैसा कुठून आला असं उद्या जर्मन बँकेने विचारलं तर दाखवायला कागद नसतो. हजार रुपये वाचवायला व्हिसाशी खेळू नका. त्याहून वाईट म्हणजे ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, रोख काढून दे, तुला कमिशन’ अशी घरबसल्या नोकरी. तो चोरीचा पैसा असतो, आणि पोलिसांच्या लेखी खातेदारच आरोपी ठरतो. हे सांगणारा मराठी बोलत असला तरीही नाही.

पुढे कधीतरी झुरिखला जाल, गाडीने अडीच तासांचं अंतर. तिथे फ्रँक आहे, म्हणजे तोच पडदा पुन्हा समोर येणार, या वेळी ‘युरोत हिशेब करू का’ म्हणून. उत्तर तेच, फ्रँकमध्येच घ्या. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड तिथे वापरू नका, दुसऱ्या चलनाचा चार्ज पुन्हा बसतो.

आणि उन्हाळ्यात आई-बाबा येतील. त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी शंभर युरोच्या सुट्या नोटा द्या. त्यांचं कार्ड वापरायचं झालं तर पहिल्यांदा शेजारी उभं राहून कुठलं बटण दाबायचं ते दाखवा, आणि त्या पडद्याचा फोटो त्यांच्या फोनमध्ये ठेवा.